माशी स्पष्ट, लक्ष्य धूसर

दहा मीटर एअर पिस्तूलच्या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. नेमबाज त्यापासून दहा मीटर दूर, साधारण किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात लांब धरून उभा. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. नियमच तसा आहे: पिस्तूल एकाच हातात धरायचं, मनगटाला कसलाही आधार द्यायचा नाही. आधी १५ मिनिटं तयारीची आणि सरावाच्या शॉटची, मग ७५ मिनिटांत ६० शॉट.

हात असा लांब केला की पहिली जाणीव एकच होते. हात हलतोय.

रेंजवर नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक मूल थोड्याच दिवसांत ही तक्रार घेऊन येतं. "सर, माझा हात हलतोय." मी म्हणतो, "हलू दे." त्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, सरांनी आपलं म्हणणं मनावर घेतलं नाही. पण मी ते अगदी मनापासून सांगत असतो, कारण नेमबाजी सुधारायची म्हणजे हाताचं हलणं थांबवायचं, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. तिच्यापायी चांगली चांगली मुलं वर्ष-वर्ष एकाच गुणसंख्येवर अडकून पडतात.

हात हलणारच. छातीत हृदय धडधडतंय, बरगड्या श्वासाबरोबर वरखाली होताहेत, खांद्याचे स्नायू वजन पेलण्यासाठी क्षणाक्षणाला आवळताहेत आणि सैलावताहेत, आणि दोन पायांवर उभं असलेलं शरीर सतत आपला तोल सावरतंय. जिवंत माणसाच्या हाताला यातून सुटका नाही. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्याचाही हात हलतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं त्याचं हलणं लहान आणि संथ झालेलं असतं, इतकंच. हृदयाचे ठोके मंदावून हाताची थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंद आहेत. म्हणजे थरथर हा या खेळातला अडथळा नाही, तो खेळाचाच भाग आहे. ती प्रत्येकाने आपली आपण सांभाळायची.

मग कार्डावर दहा लागतात ते कसे? त्यासाठी एक छोटा हिशेब मांडून पाहू. मला तो फार आवडतो, आणि ज्याला तो एकदा समजला त्याचं पिस्तूलकडे बघणंच बदलतं.

पिस्तूलच्या मागच्या टोकाला एक चौकोनी खाच असते आणि पुढच्या टोकाला एक उभी पट्टी, फ्रंट साइट. जुनी माणसं तिला बंदुकीची माशी म्हणत. ती माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका पातळीत. या दोहोंतलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरू. आता हाताच्या चुका दोन प्रकारच्या होऊ शकतात. पहिली चूक अशी: माशी आणि खाच एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण सगळं पिस्तूलच तीन मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्राही तीनच मिलिमीटर डावीकडे लागेल. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची कड वर्तुळाला शिवली तरी तो गुण मिळतो. त्यामुळे छऱ्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत कुठेही पडला तरी दहाच. तीन मिलिमीटर सरकूनही दहा हातात. दुसरी चूक अशी: हात अगदी जागच्या जागी आहे, पण मनगट किंचित वळलं आणि माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर बाजूला गेली. हा कोनातला फरक आहे. तो ३२ सेंटिमीटरवर एक मिलिमीटर असेल, तर दहा मीटरवर ३१ मिलिमीटर होतो. दहाचा सात झाला.

तीन मिलिमीटर माफ आणि एक मिलिमीटर इतका महाग. गंमत अशी की जे माफ आहे तेच डोळ्यांना मोठं दिसतं. हात काळ्या वर्तुळाखाली डोलतो, इकडून तिकडे जातो, ते बघून छातीत धस्स होतं. जे महाग आहे ते मात्र माशीवर नजर रोखल्याशिवाय दिसतच नाही. नवा नेमबाज दिसणाऱ्या चुकीशी झगडतो, हात थांबवण्यासाठी मूठ आवळतो, मनगट ताणतो, आणि त्या ताणातच माशी खाचेतून निसटते. छोटी चूक सुधारायला जाऊन त्याने मोठी ओढवून घेतलेली असते.

म्हणून पहिला धडा नजरेचा. आपल्या डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतं. माशी हाताच्या अंतरावर, कार्ड दहा मीटरवर. दोन्ही एकदम लख्ख दिसणं शक्य नाही, निवड करावीच लागते. आणि निवड ठरलेली आहे: माशी काळीभोर, कडा धारदार, मागची खाच थोडी अस्पष्ट, आणि कार्डावरचं काळं वर्तुळ एखाद्या करड्या डागासारखं धूसर.

हे आपल्या अंगवळणी पडायला अवघड जातं, कारण आपण सगळे अर्जुनाची गोष्ट ऐकत मोठे झालो आहोत. द्रोणाचार्य विचारतात, तुला काय दिसतं? झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. एकाग्रता म्हटली की आपल्या मनात हेच चित्र उभं राहतं. शाळेच्या भिंतीवरही तेच रंगवलेलं असतं. पिस्तूल हातात घेतलेल्या मुलाला मी सांगतो की ती गोष्ट खूप सुंदर आहे, पण ती रेंजच्या दारात ठेवून आत ये. इथे ज्याला पक्ष्याचा डोळा लख्ख दिसतोय त्याची माशी हरवलेली आहे. ज्याला माशी दिसते आहे, त्याच्यासाठी पक्षी धुक्यात आहे, आणि तो धुक्यात आहे हे त्याने शांतपणे स्वीकारलेलं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. नजर माशीवर ठेवणं पहिल्या काही सेकंदांत कुणालाही जमतं. खरी परीक्षा शॉट सुटण्याच्या अगदी आधी असते. तेवढ्यात मन म्हणतं, बघू तरी, बरोबर जातोय ना? नजर झटकन कार्डाकडे उडी मारते. त्या एवढ्याशा उडीत मनगट पहारा सोडतं. छर्रा कुठे गेला हे पाहण्याची घाई छऱ्याला तिथे जाऊ देत नाही. हे वाक्य मी रेंजवर वारंवार बोलतो, आणि दर वेळी मला ते नेमबाजीपुरतंच आहे असं वाटत नाही. परीक्षेच्या पेपरात उत्तर लिहितानाच मार्क मोजणारा मुलगा, स्वयंपाक करतानाच पाहुण्यांचे चेहरे कल्पणारी गृहिणी, भाषण करतानाच टाळ्यांचा अंदाज घेणारा वक्ता, या सगळ्यांच्या हातून नेमका तोच एक मिलिमीटर सुटतो.

चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांसाठी यात एक व्यावहारिक सूचना आहे. दूरचं नीट दिसण्याचा चष्मा लावून पिस्तूल मारू नका. नेमबाजीच्या चष्म्याचं भिंग माशीच्या अंतरासाठी करून घ्यावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते अंतर मोजून सांगा. आणि दुसरा डोळा मिटू नका. एक डोळा दाबून मिटला की चेहऱ्याचा ताण उघड्या डोळ्यालाही जाणवतो. त्या डोळ्यासमोर पांढरट पट्टी लावून दोन्ही डोळे सैल उघडे ठेवणं बरं.

आता नेम कुठे धरायचा? बहुतेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरत नाहीत. काळ्यावर काळी माशी दिसेनाशी होते. ते वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात धरतात, मध्ये पांढरी फट ठेवून. साइट्स अशा जुळवलेल्या असतात की छर्रा तिथून वर, मध्यावर जातो. त्यातही तो 'एक बिंदू' नसतो, ती एक जागा असते, लहानसा प्रदेश. हात त्या प्रदेशात फिरत राहतो. फिरू द्यायचं. तो त्या प्रदेशाबाहेर जात नाही ना, आणि फिरताना माशी खाचेतून ढळत नाही ना, एवढंच बघायचं.

आणि मग ट्रिगर. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक गुण इथेच जातात.

एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. अर्ध्या लीटर पाण्याच्या बाटलीचं वजन, तेवढंच. ते ओढायला ताकद लागत नाही, धीर लागतो. नवा नेमबाज काय करतो? तो माशी वर्तुळाखाली फिरताना पाहत राहतो आणि ती नेमक्या जागी येण्याची वाट पाहतो. ती आली की मनात ओरडतो, आत्ता! आणि ट्रिगर दाबतो. पण डोळ्यांनी पाहून बोटाने प्रतिसाद देईपर्यंत माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. तेवढ्यात फिरणारा हात पुढे निघून गेलेला असतो. जो क्षण पकडायचा म्हणून बोट हललं, तो क्षण बोट हलण्याआधीच संपला. शिवाय त्या 'आत्ता'मध्ये एकटं बोट कधीच हलत नाही. घाईत सगळा पंजा आवळला जातो, अंगठा दाबतो, करंगळी ओढते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा मग खाली डावीकडे जातो. रेंजवर आम्ही घड्याळाच्या भाषेत बोलतो: सात वाजता गेला. ज्याचे शॉट पुन्हा पुन्हा सात वाजता जातात, त्याला पिस्तूल तपासायला सांगू नका. त्याचं बोट आणि त्याची घाई तपासा.

उपाय ऐकायला विचित्र वाटतो. शॉट कधी सुटायचा हे ठरवायचंच नाही. हात नेमाच्या प्रदेशात स्थिरावू लागला की बोटाने दाबायला सुरुवात करायची, पहिला टप्पा घ्यायचा, मग दुसऱ्या टप्प्यावर दाब हळूहळू, न थांबता वाढवत जायचा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर, दाब सरळ मागे, बाजूला नाही. बाकीची बोटं होती तशीच. नजर माशीवर. दाब वाढत राहतो, हात फिरत राहतो आणि कधीतरी शॉट सुटतो. तो नक्की कोणत्या क्षणी सुटला याचं स्वतःलाच किंचित आश्चर्य वाटलं, तर ट्रिगर बरोबर झाला. हात फिरत होता तो प्रदेश लहान असेल तर छर्राही त्याच प्रदेशात, म्हणजे दहात किंवा नवाच्या आतल्या कडेला असणार. उत्तम क्षण निवडण्याचा मोह सोडला की साधे चांगले क्षण पुरतात.

माणसाला हे सोसत नाही. आपलं काम, आपला निर्णय, आणि त्याचा क्षण मात्र आपण ठरवायचा नाही? आपण सगळे मुहूर्त शोधणारे लोक आहोत. सगळं जुळून येईल तेव्हा करू म्हणून किती कामं बाजूला ठेवतो. अभ्यासाची खोली, नोकरीतली बढती, मुलांचं मोठं होणं, काही ना काही जुळायचं राहिलेलं असतं. ट्रिगर वेगळं शिकवतो: हात हलत असतानाच बोटाने आपलं काम सुरू ठेवायचं.

पण याचा अर्थ शॉट कसाही सुटू द्यायचा असाही नाही. हात वर गेल्यावर सहा ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर पुढचं सगळं बिघडत जातं. अर्धा सोडून रोखलेला श्वास कमी पडू लागतो, डोळा थकतो, माशीची प्रतिमा डोळ्यात अडकून राहते, म्हणजे ती हलली तरी हललेली दिसत नाही, आणि खांदा थरथरू लागतो. अशा वेळी करायची गोष्ट एकच, हात खाली घ्यायचा. दोन-तीन श्वास आणि पुन्हा पहिल्यापासून.

७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे एका शॉटला सरासरी ७५ सेकंद मिळतात. वेळ भरपूर आहे. तरीही हात खाली घेणं नव्या मुलांना जिवावर येतं. एवढे कष्ट घेऊन वर नेलेला हात रिकामा खाली आणायचा? शेजारच्या लेनमधले शॉट ऐकू येत असतात, आपण मागे पडतोय असं वाटतं. मग मूल दहाव्या सेकंदाला, पंधराव्या सेकंदाला ट्रिगर ओढून मोकळं होतं. 'मोकळं होणं' हीच त्या शॉटमागची खरी इच्छा असते. मी माझ्या मुलांच्या सामन्यात त्यांचा स्कोअर पाहण्याआधी हे पाहतो की त्यांनी हात किती वेळा खाली घेतला. ज्याने एकदाही घेतला नाही, त्याची मला काळजी वाटते. सुरू केलेली गोष्ट बिनसते आहे हे वेळेत ओळखून ती थांबवण्याला आपल्याकडे माघार म्हणतात. रेंजवर ती सर्वांत शूर हालचाल आहे, आणि तिला टाळ्या मिळत नाहीत.

पायांचं आणि पकडीचं थोडक्यात सांगतो. शिकणाऱ्याला त्यात बरेच दिवस घालवावे लागतात, पण तत्त्व सोपं आहे. पाय खांद्याच्या रुंदीएवढे, शरीर लक्ष्याकडे बाजूने. डोळे मिटून हात वर न्या, मग डोळे उघडा. माशी जिथे आली ती तुमच्या शरीराची नैसर्गिक दिशा. ती चुकीची असेल तर हात ओढून लक्ष्यावर आणू नका, मागचा पाय सरकवा. ओढून आणलेला हात शॉट सुटताना आपल्या जागी परत जातो. पकड हस्तांदोलनासारखी, दाब पुढून मागे, मुख्य भार मधल्या बोटावर, अंगठा आणि बोटांची टोकं सैल. लाकडी मूठ हाताला नेमकी बसत नसेल तर ती घासून, पुट्टी लावून बसवून घ्या, हाताला मुठीप्रमाणे वळवू नका. मनगट आणि कोपर कुलूप लावल्यासारखे. सपाट तळाचे बूट. आणि पिस्तूलचं तोंड कायम कार्डाकडे, एका क्षणासाठीही इतरत्र नाही. बाकी सगळ्या गोष्टींत मी सवलत देतो, या एका गोष्टीत देत नाही.

शॉट सुटल्यावर काय? नव्या नेमबाजाचा हात ताबडतोब खाली येतो आणि मान वळते मॉनिटरकडे. छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जातो, म्हणजे कार्डापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग. नळीतून बाहेर पडायला तर त्याहून कितीतरी कमी वेळ. मग शॉट सुटल्यावर हात धरून ठेवण्यानं काय फरक पडणार, असं हुशार मुलं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. फरक पडतो तो शॉटच्या आधी. शॉट सुटताच हात खाली आणायचा असं ज्याने ठरवलं आहे, त्याचा हात शॉट सुटण्याच्या आधीच खाली यायला लागतो. शरीर पुढच्या कामाची तयारी नेहमी थोडी लवकर करतं. म्हणून शॉटनंतरही एक-दोन सेकंद माशीवर नजर, बोट ट्रिगरवर दाबलेलं, हात तिथेच. शेवट संथ ठेवला की मधला भाग आपोआप सांभाळला जातो.

आणि याच एक-दोन सेकंदांत शॉट 'कॉल' करायचा. मॉनिटरकडे न बघता स्वतःशी म्हणायचं: नऊ, तीन वाजता. किंवा दहा, मधोमध. किंवा प्रामाणिकपणे: कळलं नाही. शॉट सुटला त्या क्षणी माशी कुठे होती हे ज्याने पाहिलं तोच हे सांगू शकतो. 'कळलं नाही' म्हणजे त्या क्षणी नजर दुसरीकडे होती, मग भले मॉनिटरवर १०.७ लागलेला असो.

हे सगळं निवांत वेळेतलं. पण याच गोष्टी तीन सेकंदांत करायच्या असतील तर? महिलांच्या २५ मीटर पिस्तूलच्या वेगवान टप्प्यात हात खाली ४५ अंशांत धरून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की हात उचलायचा, नेम, ट्रिगर, शॉट. तीन सेकंदांत दिवा विझतो, सात सेकंद थांबून पुन्हा लागतो. इथे ट्रिगरचा १००० ग्रॅमचा दाब हात वर येत असतानाच घ्यायला सुरुवात करावी लागते. कोल्हापूरची राही सरनोबत याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगमध्ये, अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत संपली. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी झाली, दुसऱ्यात राहीने थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीनं तिला खेळापासून दूर ठेवलं होतं. परत आल्यावर तिने मुंखबायार दोर्जसुरेन या दोन ऑलिंपिक कांस्यपदकं मिळवलेल्या नेमबाजाला प्रशिक्षक म्हणून निवडलं. जगज्जेत्यांमध्ये बसू शकणारी नेमबाज पुन्हा शिकायला बसते, यात मला मोठी गोष्ट दिसते. वेगात करायच्या गोष्टी आधी संथपणे शिकाव्या लागतात, आणि मोडल्यावर पुन्हा संथपणेच जोडाव्या लागतात.

मनू भाकरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिच्यातला एक आकडा इथे सांगायलाच हवा. टोकियोत २०२१ मध्ये पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, बहुमोल मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलचं कांस्यपदक तिला मिळालं, २२१.७ गुणांवर. रौप्यपदकाची शर्यत कोरियाच्या किम येजीशी होती, आणि त्या टप्प्यावर किमचे गुण २२१.८ होते. एक दशांश. दशांश गुणांच्या पद्धतीत एअर पिस्तूलचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. २२ शॉटमध्ये मिळून एका मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर. हे ऐकल्यावर बहुतेकांना हळहळ वाटते. मला वाटतं, त्या २२ शॉटपैकी कोणत्याही शॉटच्या वेळी तिने या ०.८ मिलिमीटरचा विचार केला असता, तर ती तिथवर पोचलीच नसती. पदकानंतर ती गीतेबद्दल बोलली, कर्मावर लक्ष ठेवलं, फळावर नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. ते ऐकून मला झाडावरच्या पक्ष्याचा अर्जुन नव्हे, तर कुरुक्षेत्रावरचा अर्जुन आठवला. तो नेमबाजांना जास्त जवळचा. ज्याचे हात थरथरले, धनुष्य हातातून गळालं, आणि ज्याला तिथे फळाकडून नजर काढून घ्यायला शिकावं लागलं. पिस्तूल नेमबाजासाठी ही शिकवण उपदेश नाही, ती प्रकाशशास्त्र आहे. फळ दहा मीटरवर, कर्म हाताच्या अंतरावर, आणि डोळा एकाच ठिकाणी स्पष्ट पाहतो.

सराव कसा करावा असं कुणी विचारलं तर मी कार्ड काढून घेतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, छर्रा न घालता, रिकाम्या पिस्तुलाने. याला आम्ही ड्राय म्हणतो. समोर वर्तुळच नाही, त्यामुळे नजरेला उडी मारायला जागा नाही. ट्रिगर सुटताना माशी खाचेत जराही हलली का, एवढंच पाहायचं. घरच्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं हे केलं तर महिन्याभरात फरक दिसतो. त्यात आवाज नाही, गुण नाहीत, कुणी बघायला नाही, आणि म्हणूनच फार थोडी मुलं ते मनापासून करतात. जी करतात ती लवकर ओळखू येतात. मग रेंजवर कार्ड उलटं लावायचं, कोरी बाजू पुढे, आणि छर्रे घालून मारायचं. कोऱ्या कार्डावर छर्रे जवळजवळ पडू लागले की पोरांचे डोळे विस्फारतात. काहीच समोर नसताना ग्रुप इतका छोटा कसा आला?

त्यानंतर वही. दोन रकाने: कॉल काय केला, आणि लागला कुठे. सुरुवातीला दोन्हींचा मेळ नसतो. मुलं पहिला रकाना गाळून थेट दुसरा भरू पाहतात, तेव्हा मी वही परत करतो. काही आठवड्यांनी एखाद्या पानावर 'आठ, चार वाजता' लिहिलेलं असतं आणि शेजारी खरोखर चार वाजताचा आठ असतो. मग नऊ सांगितला, नऊ. सात सांगितला, सात. गुण अजून वाढलेले नसतात, पालक विचारत असतात की प्रगती होते आहे ना. होते आहे. असं पान सलग दोन-तीन सरावांत दिसलं की मी पहिल्यांदा छोटा स्क्रू ड्रायव्हर काढतो आणि त्याच्या मागच्या साइटचे क्लिक फिरवतो. त्याआधी नाही.